सही, साडी आणि सुखोई

धुळ्याच्या देवपुरात कंपाउंडची भिंत बांधताना गवंड्याला उंची सांगावी लागत नाही. माणसाची हनुवटी टेकली पाहिजे, बस्स. त्याच्यावर दोन विटा चढल्या की गल्लीत कुजबूज सुरू, "यांचं काय बिनसलं शेजाऱ्यांशी?" आमच्या डाव्या भिंतीपलीकडे जिभाऊ राहतात. कोर्टात कारकून म्हणून लागले, जन्मभर फायलींना टाचण्या लावल्या आणि निवृत्त झाले. उजव्या भिंतीपलीकडे आक्का. त्यांचा नातू एमपीएससी करतो, म्हणजे सकाळी अभ्यासिकेत जातो आणि दुपारी ओट्यावर बसून प्रश्नसंच मोठ्यानं वाचतो. या दोन घरांचं बोलणं आमच्या अंगणावरून जातं. मध्ये राहणाऱ्याला आपोआप पंच व्हावं लागतं.

आक्का गच्चीवरून वाळलेले बिबडे उतरवून डब्यात भरत होत्या. नातवानं विचारलं, "भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती?"

"हे काय विचारणं झालं?" आक्का म्हणाल्या. "आमच्या प्रतिभाताई. नाडगावच्या. माझं माहेर बोदवडचं, नाडगाव तिथून जवळच."

डावीकडून जिभाऊंचा आवाज आला. "माहेर असेल हो आक्का, पण केलं काय त्यांनी? राष्ट्रपती झाल्या, परदेशात फिरल्या, पुण्याला बंगला मागितला, घरी गेल्या. खान्देशाले काय भेटनं?"

"तुम्हाला काय पाहिजे होतं?"

"रेल्वे! मनमाड-इंदूर. माझे वडील सांगत, यंदा होईल. मंत्रिमंडळानं मंजुरी कधी दिली? 2024 च्या सप्टेंबरात. घरची बाई दिल्लीत सगळ्यात उंच खुर्चीवर होती तेव्हा ही फाइल का हलली नाही?"

नातू हसला. "आजोबा, राष्ट्रपती रेल्वे आणत नाहीत. कलम 74. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं. फार तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतं, तेही 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीपासून. दुसऱ्यांदा तेच आलं तर सही करायचीच."

"मग ती खुर्ची कशाला?"

"सहीसाठी," मी म्हणालो.

जिभाऊंना सहीचं मोल कुणी सांगायला नको. एका सहीसाठी पक्षकार सहा-सहा महिने खेटे घालतात, हे त्यांनी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलं आहे. पण त्या दुपारी ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी आरोपपत्र वाचायला घेतलं.

ते वाचन ऐकण्यासारखं होतं, कारण त्यातलं एकही कलम खोटं नव्हतं. माहितीच्या अधिकारात 2012 साली आकडा बाहेर आला होता, परदेश दौऱ्यांवर 205 कोटी खर्च, बारा दौरे, बावीस देश. त्याच वर्षी पुण्याच्या खडकीत निवृत्तीनंतरच्या घरासाठी लष्कराची अडीच लाख चौरस फुटांहून जास्त जागा घेतल्यावरून गदारोळ झाला आणि एप्रिलमध्ये ताईंनी ती जागा नको म्हणून सांगितलं. 2009 ला मुलाला अमरावतीतून विधानसभेचं तिकीट मिळालं, तोही निवडून आला. शिवाय जळगावची महिला सहकारी बँक. ताईंच्याच नावाची, त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिलेली. रिझर्व्ह बँकेनं 2003 मध्ये तिचा परवाना काढून घेतला.

"जिभाऊ, सगळं खरं," आक्का डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "पण तुम्ही फक्त लग्नातला मानपान मोजून राहिले. संसार कसा झाला ते कोण विचारणार?"

"सांगा ना मग संसार."

आक्कांनी सांगायला घेतलं, माहेरच्या माणसाबद्दल सांगतात तसं, कुणी मध्ये बोलणार नाही अशा आवाजात. 1934 चा जन्म. जळगावच्या मुळजी जेठा कॉलेजात टेबल टेनिस गाजवलं, पुढे मुंबईत वकिली शिकली. 1962 ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून आमदार. मग एदलाबादहून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरहून, 1985 पर्यंत सलग. मंत्री झाली, विरोधी पक्षनेता झाली, राज्यसभेची उपसभापती झाली, सासरच्या अमरावतीहून खासदार झाली, राजस्थानची राज्यपाल झाली. निवडणूक एकही हरली नाही. 2007 ला भैरोसिंह शेखावतांना हरवलं तेव्हा शिवसेना भाजपच्या सोबत होती, तरी मराठी बाई म्हणून तिनं मतं ताईंना दिली. "आणि बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेज? गिरणेच्या पुलाशी? ते 1983 चं, त्यांच्याच ट्रस्टचं. तेव्हा आपल्याकडच्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर कुठे कुठे जावं लागे, विसरले का?"

"हे सगळं राष्ट्रपती होण्याच्या आधीचं," जिभाऊ म्हणाले. आयुष्यभर तारखा पाहिलेला माणूस, बरोबर पकडलं. "मुद्दा त्या पाच वर्षांचा आहे."

"पाच वर्षांत सुखोईत बसल्या!" नातू म्हणाला. "25 नोव्हेंबर 2009, लोहगाव विमानतळ. वय चौऱ्याहत्तर."

"डोक्यावरचा पदर बाजूला ठेवून जी-सूट घातला बाईनं," आक्का खुशीत म्हणाल्या. "आमच्या गुडघ्यांना तर गच्चीचा जिना झेपत नाही."

मला तिथंच बोलावंसं वाटलं. कारण भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चाललं होतं ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर. एकीला पदर आणि विमान दिसत होतं, दुसऱ्याला बंगला आणि विमानाचं भाडं. राष्ट्रपतीचं खरं काम बंद दाराआड होतं. घटनेत सोयच अशी आहे की मंत्र्यांनी राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी कोर्टालाही करता येत नाही. त्यामुळे पायउतार होतानाचा जो निकाल लागतो, तो बहुतेक वेळा दाराबाहेर दिसलेल्या गोष्टींवरच.

"मग दाराआड काय केलं ते सांग," जिभाऊ म्हणाले.

"दयेचे अर्ज."

जिभाऊंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. हा त्यांचा प्रांत. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचा अर्ज तुरुंगातून निघतो, राज्य सरकारकडे जातो, राज्यपालांकडे नामंजूर झाला की दिल्लीला गृहखात्यात, तिथून शिफारशीसह राष्ट्रपतींकडे. प्रत्येक टेबलावर फाइल पडते. त्या काळी तिच्यावर तारीख नसायची, मुदत नसायची. कोर्टात निदान तारीख पडली म्हणून कळवतात.

प्रतिभाताई आल्या तेव्हा त्या टेबलावर जुन्या फायलींची चळत होती. आधीच्या पाच वर्षांत कलामसाहेबांच्या काळात अगदी मोजक्या अर्जांचा निकाल लागला होता. त्यातला लोकांना आठवतो तो 2004 चा, कोलकात्याच्या धनंजय चटर्जीचा, नामंजूर झालेला. बाकीच्या फायली तशाच पुढे आल्या. ताईंनी त्या उघडल्या. तीसहून जास्त जणांची फाशी जन्मठेपेवर आणली. त्यात फार भयंकर गुन्ह्यांतले कैदी होते, त्यामुळे 2012 च्या जूनमध्ये यादी बाहेर आली तेव्हा लोक चवताळले. त्यातल्या एका प्रकरणानं तर हसावं की रडावं ते कळेना. कर्नाटकातल्या ज्या कैद्याला जीवदान दिलं, तो 2007 मध्येच तुरुंगात वारलेला होता. फाइल टेबलांवरून फिरत राहिली आणि मधल्या एकाही टेबलाला हे कळलं नाही.

"काय सांगस!" जिभाऊ भिंतीवर हात आपटून म्हणाले. मग जरा थांबून, "पण अशक्य नाही. मयताच्या नावानं समन्स निघालेली मी स्वतः पाहिलीत."

"यात ताईंची चूक किती आणि गृहखात्याची किती?" आक्कांनी विचारलं.

हाच प्रश्न. सही त्यांची, शिफारस मंत्र्यांची. राष्ट्रपती भवनानं तेव्हा सांगितलंही, की निर्णय सरकारच्या सल्ल्यानुसार झाले. 2011 च्या ऑगस्टमध्ये राजीव गांधी हत्येतल्या तिघांचे अर्ज ताईंनीच फेटाळले, तेही सल्ल्यानुसारच. म्हणून "दयाळू बाई" हे जितकं अर्धवट, तितकंच "गुन्हेगारांना सोडणारी बाई" हेही.

"पुढची गंमत ऐका," नातू म्हणाला. चालू घडामोडी त्याला पाठ. "21 जानेवारी 2014. शत्रुघ्न चौहान खटला. सुप्रीम कोर्टानं पंधरा जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. का, तर मुख्यतः दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारनं कारण नसताना वर्षानुवर्षं लावली. माणसाला रोज मरण दाखवत कोठडीत बसवणं हीच वेगळी शिक्षा झाली. महिन्याभरात राजीव गांधी प्रकरणातल्या तिघांचीही फाशी याच कारणानं गेली. अकरा वर्षं फाइल पडून होती. नारायणन, कलाम, प्रतिभाताई, तिघांच्या काळातून."

"आणि आपल्या कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणी," मी आठवण केली. "लहान मुलांच्या खुनांमधल्या. 2008 ला अर्ज, 2014 ला प्रणवदांनी फेटाळला, आणि 2022 च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टानं उशिरापायीच फाशी रद्द केली."

जिभाऊ गप्प झाले. त्यांच्या बैठकीत कलामसाहेबांचा मोठा फोटो आहे, हार घातलेला. 27 जुलै 2015 ला शिलाँगमध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलता बोलता कलाम गेले, त्या रात्री जिभाऊ जेवले नव्हते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्यांच्याच क्षेत्रातल्या हिशेबानं पाहिलं तर ज्या टेबलावर फायली थांबल्या त्यात त्यांच्या देवाचंही टेबल निघालं.

"फाशीवर सही करायला त्यांचा हात धजावत नसेल," ते हळूच म्हणाले. "देवमाणूस."

"देवमाणूसच," आक्का म्हणाल्या. त्यांनी बिलकूल टोमणा मारला नाही. "पण आतल्या कैद्याला दिवस तर तेवढेच लागले ना."

नातवाला मात्र राहवेना. "बिहारचंही आहेच, आजोबा. मे 2005. विधानसभा बरखास्त करायचा कागद मध्यरात्री मॉस्कोला पाठवला, कलामांनी तिथून सही केली. सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं. राजीनामा द्यावा असं मनात आलं होतं, हे त्यांनी नंतर स्वतः पुस्तकात लिहिलं."

"लिहिलं ना? मग झालं!" जिभाऊंना धागा सापडला. "चुकीचं वाटलं ते कबूल करणारे किती सापडतील? आणि 2006 ला लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, तेही धरा."

"धरू," मी म्हणालो. "पण मग ताईंचंही धरू. त्याच 2006 मध्ये त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या. विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, ताईंनी सही न करता परत पाठवलं. तिथं सरकार विरोधी पक्षाचं होतं म्हणून सोपं गेलं, असं म्हणणारे म्हणतील. त्यांचंही ऐकायचं."

एकदा सह्यांचा हिशेब सुरू झाला की बाकीचे राष्ट्रपतीही भिंतीवर येऊन बसले. फक्रुद्दीन अली अहमद. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर सही केली आणि अबू अब्राहम यांच्या एका व्यंगचित्रानं त्यांना कायमचं न्हाणीघरात बसवलं, टबातून हात बाहेर काढून अध्यादेशावर सही करताना. माणूस 1977 ला पदावरच वारला, बाजू मांडायला उरलाच नाही. ग्यानी झैलसिंग. इंदिराजींनी सांगितलं तर झाडूही मारीन, अशा अर्थाचं बोलून गेले म्हणून जन्मभर थट्टा झाली. पण लोकांची पत्रं फोडायचा अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक 1986 ला त्यांच्यापुढे आलं, तर त्यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. ठेवून दिलं. नारायणन. फारसे बोलत नसत, पण 1997 ला उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी परत पाठवली, आणि सरकारला ती सोडून द्यावी लागली.

"म्हणजे ज्याची थट्टा झाली त्यानंच पत्रं वाचवली," आक्का म्हणाल्या. "वांगं वरून तुकतुकीत आहे का सुरकुतलेलं, त्यावर काय जातं? भाजून फोडल्याशिवाय आत किडकं की गोड ते कळत नाही."

जिभाऊंनी अमेरिका काढली. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात. ट्रूमन 1953 ला गेला तेव्हा त्याच्या नावानं लोक बोटं मोडत होते, आता तिकडचे इतिहासकार त्याला चांगल्यांत मोजतात. कार्टर 1980 ला हरला, नापास अध्यक्ष म्हणून घरी गेला. मग चाळीस वर्षं घरं बांधली, निवडणुकांवर देखरेख केली, रोगराईविरुद्ध काम केलं, 2002 ला नोबेल मिळालं. "आपल्याकडेही आला होता की, 2006 ला, लोणावळ्याजवळ मळवलीला. ऐंशीपार म्हातारा, हातात हातोडी घेऊन गरिबांची घरं बांधत होता."

"ते चांगलंच," मी म्हणालो, "पण तो माजी झाल्यानंतरचा जमाखर्च. त्यानं आधीचा बदलत नाही. कार्टर माणूस म्हणून मोठा झाला, म्हणून त्याच्या कारकिर्दीतली महागाई स्वस्त होत नाही. कलामसाहेब निवृत्तीनंतर गावोगाव पोरांना भेटत फिरले, त्या मायेचा उजेड मागच्या पाच वर्षांवरही पडला. प्रतिभाताई पुण्यात शांत बसल्या. ना पुस्तकांचा धडाका, ना भाषणांचा. मग लोकांच्या डोक्यात शेवटची बातमी राहिली ती खडकीच्या जागेची."

"म्हणजे गप्प बसलेल्याचा निकाल विरोधात?" आक्कांनी विचारलं.

"एकतर्फी," जिभाऊ म्हणाले. "गैरहजर राहिलं की एकतर्फी निकाल. पण तो रद्द करून घेता येतो, अर्ज करून."

"अर्ज करायचा कुणी?"

इथं आम्हा धुळ्याच्या माणसांना उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. पांझरेचा पूल ओलांडला की राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या 31 डिसेंबरला याच गावात गेले. माळ्यावरची, देव्हाऱ्यामागची, वाण्याच्या पुड्यांना चाललेली दप्तरं त्या माणसानं पायपीट करून गोळा केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं 1898 पासून खंडांमागून खंड काढले. त्यांचा हट्ट एकच, अस्सल कागद दाखवा, मग बोला. बखरीत कुणी कुणाला शूर म्हटलंय आणि कुणाला भित्रा, ते नंतर पाहू.

आपण ज्याला सहज "इतिहास ठरवेल" म्हणतो, तो इतिहास कुणी वर बसलेला न्यायाधीश नाही. कागद असले आणि ते वाचायला बसणारा कुणी चिकट माणूस असला तरच तो काही ठरवतो. जपून ठेवायचे सरकारी कागद पंचवीस वर्षांनी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत, असा नियम आहे. ताईंची कारकीर्द 25 जुलै 2012 ला संपली. म्हणजे 2037 नंतर एखाद्या अभ्यासकाला, तो नाडगावचा असला तर आक्कांना आनंदच, त्या फायली मागता येतील. गृहखात्यानं काय शिफारस केली, राष्ट्रपतींनी कुठे शंका काढली, कोणती फाइल किती दिवस ठेवली, कशावर प्रश्न विचारून परत पाठवली, हे तेव्हा दिसेल. दिसलं तर. कारण खुणेच्या चिठ्ठ्या गळतात आणि फोनवर झालेलं बोलणं फाइलला लागत नाही.

"आणि वाळवी," जिभाऊ म्हणाले. "वाळवीला विसरू नका. आमच्या रेकॉर्ड रूममधल्या निम्म्या इतिहासाचा निकाल वाळवीनं लावलाय."

"आता संगणकावर असतं सगळं, आजोबा."

"मग पासवर्ड विसरतील."

आक्का मघापासून काहीतरी जुळवत होत्या. त्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "मला एवढं समजलं. रेल्वे, पाणी, कापसाचा भाव हे खासदाराला विचारायचं. ते आपण राष्ट्रपतीला विचारून राहिलो. आणि राष्ट्रपतीला विचारायचं ते, की बाई, तुमच्यापुढे कागद आला तेव्हा तुम्ही वाचला का, शंका काढली का, ते आपण कुणालाच विचारत नाही."

"मान्य," जिभाऊ म्हणाले. आम्ही दोघं चमकलो, कारण हा शब्द त्यांच्या तोंडून क्वचित येतो. "फायली उघडल्या, हे त्यांच्या बाजूनं लिहा. न उघडणाऱ्यांपेक्षा उघडणारा बरा, मग निकाल काही का असेना. माझ्या साहेबाचा फोटोही मी भिंतीवरून काढणार नाही, पण त्या थांबलेल्या फायली त्यांच्या नावावर लिहा." मग बोट उगारून, "मात्र दोनशे पाच कोटी ते दोनशे पाच कोटीच! फाइल वाचायला बावीस देश फिरावे लागत नाहीत."

"दौरेही सरकारच ठरवतं, जिभाऊ. कलम 74."

"घरच्या माणसांना सोबत न्या, असं कोणत्या कलमात आहे ते दाखवा, आक्का. दाखवा, मी तुमच्याकडचे बिबडे विकत घेईन."

"तुमच्याकडून पैसे घ्यायला मी काय सरकार आहे?" असं म्हणत आक्कांनी पाचसहा बिबडे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले, पलीकडे पोचवायला. जिभाऊंनी ते घेतले, मोजले, आणि आधी कागद उलगडून त्याच्यावरची तारीख पाहिली.